लाल झालेला मेपल

आयर्लंडमध्ये लिक्सलिपला आमच्या शेजारच्या आजोबांकडे कुंड्यांमध्ये लावलेले पाच जपानी मेपल होते. सप्टेंबर लागला की ते रोज सकाळी मातीत बोट खुपसून ओल बघायचे आणि कुंड्या ओढत भिंतीच्या आडोशाला न्यायचे. वाऱ्यानं पानांच्या कडा करपतात आणि लाल रंग चढायच्या आधीच पानं गळतात, एवढंच काय ते त्यांनी मला कुंपणावरून सांगितलं होतं. एरवी मान हलवायची आणि आत जायचं.

२०२०च्या ऑक्टोबरात त्यांनी पहिल्यांदाच माझं दार वाजवलं.

"एक कुंडी गाडीत चढवायला हात देशील?"

त्यांची बायको स्मृतिभ्रंशामुळे वृद्धाश्रमात होती आणि कोविडमुळे भेट फक्त खिडकीच्या काचेतून. मी माझ्या गाडीनं मागोमाग गेलो. सगळ्यात लाल झालेला मेपल आम्ही दोघांनी उचलून आजींच्या खिडकीसमोर ठेवला.

आजींनी झाडाकडे जेमतेम पाहिलं. मग आजोबांकडे बघत त्यांनी दोन बोटांची कात्री केली आणि स्वतःच्या केसांपाशी चालवली.

आजोबांनी टोपी काढली, मानेवर आलेले पांढरे केस चाचपले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आज ओळखलं तिनं मला."