आपलं कोण, परकं कोण

वर्गात पाऊल टाकण्याआधी वाघमारे मॅडम दारातूनच विचारत, "सर्दी कुणाला हाय? लाजू नका, मागच्या बाकावर जा." पोरं हसत मागे सरकत. मग मॅडम तोंडावरचा मास्क सारखा करून खडू उचलत. लातूरच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवतात, मी भौतिकशास्त्र. आमच्या वर्गांमध्ये एकच भिंत आणि त्यांचा आवाज खणखणीत, त्यामुळे त्यांचे धडे मलाही पाठ झालेत.

"कातडी शाबूत हाय तोवर बहुतेक जंतू भाईरच अडतेत. आत शिरलेच, तर पांढऱ्या पेशी धावतेत, त्यांला गिळतेत. दुसऱ्या काही पेशी जंतूचा चेहरा ध्यानात ठेवतेत. म्हणून एकदा गोवर झाला की सहसा पुन्हा होत न्हाई. आन् ताप आला की लगेच घाबरायचं न्हाई. अंग लढाया लागलं, असं समजायचं."

हे सांगणाऱ्या बाईंनी स्वतःच्या अंगातली ही फौज गोळ्या घेऊन मुद्दाम सुस्त ठेवली होती. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा थोरल्या बहिणीने आपली एक किडनी दिली. ही आक्का रेणापूरजवळ शेती करते. आई गेल्यावर तिनेच मजुरी करून मॅडमना शिकवलं होतं. ऑपरेशननंतर मी घरी भेटायला गेलो, तर बहिणींचा लटका वाद चाललेला.

"माझीच किडनी हाय की! तुझ्या अंगाला ती का नको व्हावी?" आक्का विचारत होती.

"अंगाला नातं कळत न्हाई, आक्का. आपलं आन् परकं, येवढंच कळतं. गोळ्या सोडल्या तर माझ्याच पेशी तुझ्या किडनीवर तुटून पडतील."

"मंग शिकव की त्यांला! येवढी पोरं शिकवतीस!"

मॅडम टाके धरून हसल्या.

किडनीने कितीतरी वर्षं साथ दिली. मग गेल्या हिवाळ्यात मॅडमना न्यूमोनिया झाला. औषधं पुरी पडेनात. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या कमी केल्या तर शरीर लढेल. पण किडनी जाऊ शकते."

मॅडमनी मान हलवली. धाप लागत असतानाच म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवा. आक्काची हाय ती."

आक्का खाटेपाशीच उभी होती. धाकट्या बहिणीवर तिने आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तू जगावीस म्हणून दिली म्या. सांभाळून ठेवाय न्हाई दिली! डॉक्टर, करा कमी."

गोळ्या कमी झाल्या. हळूहळू छाती मोकळी झाली, मॅडम उठून बसल्या. किडनी मात्र गेली. ते कळलं त्या दिवशी मॅडम आक्काच्या गळ्यात पडून रडल्या. आक्का त्यांची पाठ चोळत एवढंच म्हणत राहिली, "तू हायस न्हवं? मंग झालं."

आता डायलिसिस असेल तो दिवस सोडून मॅडम कॉलेजात येतात. परवा बारावीतल्या एका मुलीने भर वर्गात विचारलं, "मॅडम, तुमच्याच पेशींनी तुमची किडनी घालवली. राग नाही येत?"

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांच्यावर कसा राग धरू, बाळ? मला न्यूमोनियातून त्यांनीच वाचवलं की."