भावोजींची बेरीज

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, पार्सलच्या गोदामात सरकत्या पट्ट्यावर सुपरवायझर आहेत. जगात जे काही सरकतं ते आपल्याला विचारूनच सरकतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. मी त्यांची धाकटी मेहुणी. त्यांची थट्टा करायचा मला हक्क आहे आणि तो मी सोडत नाही.

पट्ट्यावर चालू नये, अशी पाटी त्यांनीच लावली आहे. तिच्या शेजारूनच ते रोज पट्ट्यावर चढतात आणि गोदामाच्या दुसऱ्या टोकाला उतरतात. "पट्टा चालतो, मी चालतो, दोघांची बेरीज. याला म्हणतात डोकं!" खोकी उतरवणारे माना डोलावतात. न डोलावून सांगतात कुणाला?

त्यांच्या लेकीनं नेमकं भौतिकशास्त्र घेतलं. एकदा जेवताना ती म्हणाली, की प्रकाशाच्या वेगापुढे कुणालाच जाता येत नाही. समजा, पट्टा प्रकाशाच्या निम्म्या वेगानं सरकतोय आणि त्यावरून एक माणूस, पट्ट्याच्या मानानं तेवढ्याच वेगानं, पुढे धावतोय. तरी खाली उभ्या असलेल्याला त्याचा वेग प्रकाशाइतका भरत नाही, चार पंचमांशच भरतो.

भावोजींचा घास हातातच राहिला. "अर्धा आणि अर्धा मिळून अख्खा. उरलेला पाचवा हिस्सा काय उंदरांनी खाल्ला?"

"बाबा, पट्ट्यावरच्याचं घड्याळ आणि खालच्याचं घड्याळ सारखं चालत नाही, दोघांची अंतरंही सारखी भरत नाहीत. म्हणून नुसती बेरीज लागू पडत नाही. आपल्या पट्ट्यावर हा फरक इतका बारीक असतो की तुमच्या घड्याळाला दिसणारच नाही."

"माझं घड्याळ कंपनीनं बक्षीस दिलंय," भावोजी म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पट्ट्यावर खेळण्यातली मोटार सोडली, तेच घड्याळ लावून वेग मोजला आणि जगभरच्या शास्त्रज्ञांना चहाच्या सुट्टीत खोटं पाडलं.

पुढे दूरच्या एका संशोधन संस्थेत भाचीची मुलाखत ठरली. भावोजींनी बजावलं, "हे विचारलं तर अख्खा म्हणायचं. बापाला खोटं पाडून मिळालेली जागा मला नको." तिथे नेमकं तेच विचारलं. ती चार पंचमांश म्हणाली, जागा मिळाली, आणि घरी येऊन तिनं ते सरळ सांगूनही टाकलं.

"जायचं नाही," भावोजी म्हणाले.

"अहो, पोरीनं किती मेहनत केलीय," ताई म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस."

ताई दिवसभर शाळेत शिकवते, दोन्ही वेळचा स्वयंपाक करते, यांचा डबाही भरते. आणि तिनं मधे बोलायचं नाही! हातातलं पातेलं त्यांच्या डोक्यात घालावं, इतका मला संताप आला.

भाची पुढे झाली. "बाबा, ते सूत्र पट्ट्यावर दिसत नाही, पण आपल्या घरात रोज दिसतं. आई आणि मी कितीही जोर लावला तरी तुमच्यापुढे जाता येत नाही. या घरातला प्रकाशाचा वेग म्हणजे तुम्ही."

ताईनं डोळे मिटले. आता काही खरं नाही, असं मलाही वाटलं. पण भावोजींची छाती हळूहळू फुगायला लागली.

"म्हणजे माझ्यापुढे कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"हे त्या संस्थेत शिकवतात?"

"तेच तर शिकवतात, भावोजी!" मी घाईघाईनं म्हटलं.

"मग जाऊ दे तिला."

'लेक मला प्रकाश म्हणाली,' असं त्यांनी गोदामभर सांगितलं. निरोपाच्या दिवशी तिची बॅगही त्यांनीच उचलली. भाची बसच्या मागच्या दारानं चढली. पुढच्या जागेकडे चालत असतानाच बस सुटली. भावोजी फलाटावरून बरोबरीनं धावत सुटले. "बघ, बघ! गाडीचा वेग, त्यात तुझा! साधी बेरीज!"

तिनं वळून पाहिलं नाही. ती आतून पुढे पुढे चालत राहिली आणि भावोजी धापा टाकत मागे पडले. ताईनं माझा हात घट्ट धरला. तिच्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच त्यांच्यापुढे गेलं होतं.