सुभेदारांचं पॅकेज

‘आलेलं पॅकेज अपुरं होतं, म्हणून वेळेत घेता आलं नाही.’ हे वाक्य माझं आहे. आमच्या कामाच्या मेलिंग लिस्टवर, सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलच्या जुन्या साठ्यात, ते अजून आहे, जगात कोणालाही वाचता येतं. ते खोटं आहे. पॅकेज पूर्ण होतं. ते करणारा माणूस आता नाही आणि मी पंचाहत्तरी ओलांडली आहे, म्हणून घडलं ते घडलं तसं लिहितो.

मी सांगलीत तंत्रनिकेतनात शिकवत असे. निवृत्तीच्या आधीपासून एक काम हौसेनं अंगावर घेतलं होतं. लिनक्स ही सगळ्यांनी मिळून केलेली, खुली संगणकप्रणाली. तिच्यावर चालणारे डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवून हव्या तेव्हा शोधून देणारे प्रोग्राम, तेही तसेच, ठिकठिकाणच्या लोकांनी लिहिलेले. पण डेटाबेसची नवी आवृत्ती निघाली म्हणून ती आपोआप लिनक्समध्ये येत नाही. कोणीतरी ती त्यात नीट बसेल अशी बांधायची, तपासायची आणि आपली सही करून आत सोडायची. त्या बांधलेल्या वस्तूला पॅकेज म्हणतात. एका डेटाबेसचं पॅकेज माझ्याकडे होतं. दुसऱ्याच्या पॅकेजला त्याच्या होकाराशिवाय हात लावायचा नाही, असा आमच्यात रिवाज. तो मला फार आवडायचा. कॉलेजात मला कोणी विचारून काही करत नसे.

सुभेदार रहिमतपूरचे. सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या विभागात होते, तिथेच संगणक शिकले. घरी आल्यावर ऊस बघायचे आणि आठवड्यातून तीन दिवस साताऱ्यातल्या एका लहान रक्तपेढीत रक्तदात्यांची यादी सांभाळायचे, विनामोबदला. ही यादी त्यांनी माझ्याकडच्या डेटाबेसवर बसवली होती. साताऱ्यात लिनक्सवाल्यांचा एक मेळावा झाला, तिथे जेवणाच्या रांगेत आमची ओळख झाली.

“तुमीच का सर ते?” हातातलं ताट सावरत ते म्हणाले. “आवं, तुमचं पॅकेज माझ्या पेन्शनीपेक्षा जुनं हाय की!”

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. “मग करा तुम्ही नवं,” म्हणालो.

“करतो की. हुकूम झाला असं समजतो.”

त्यांना घाई होती आणि घाईला कारण होतं. जुन्या आवृत्तीत एक दोष होता. वीज अचानक गेली तर नोंदी शाबूत राहायच्या, पण शोधल्या की कधीकधी सापडायच्या नाहीत. नव्या आवृत्तीत तो काढलेला होता. मात्र रक्तपेढीच्या व्यवस्थापकांची अट होती, लिनक्समधून अधिकृत येईल तेच मशीनवर टाकायचं, घरी बनवलेलं काही चालणार नाही. म्हणजे माझी सही लागत होती. शिवाय लिनक्सची पुढची आवृत्ती बाहेर पडण्याआधी एक तारीख ठरते. तिच्यानंतर नवीन काही आत घेत नाहीत. जे राहिलं ते पुढची दोन-तीन वर्षं राहिलं.

सुभेदारांनी दोन महिने खपून पॅकेज बांधलं. मधूनमधून मला फोन करून शंका विचारायचे. आणि एक दिवस त्यांनी ते थेट लिस्टवर, सगळ्यांसमोर ठेवलं. ‘पॅकेज तयार आहे. सरांनी तपासून घ्यावे.’ आदल्या दिवशी मला एक फोनही नाही.

त्यांच्या दृष्टीनं तो रिपोर्ट होता. काम झालं, वरिष्ठांना कळवलं. आमच्या घराण्यात मात्र लग्नाची पत्रिका नुसती पोस्टानं आली तर कोणी लग्नाला जात नाही. अक्षत घेऊन माणूस दारात यावा लागतो. सबंध हयात संगणक शिकवूनही माझ्यातलं ते गेलं नव्हतं. ‘येऊ दे दारात,’ मी मनात म्हणालो.

पॅकेज मी त्याच दिवशी उघडून पाहिलं. एकूण एक चाचण्या पार झाल्या. माझ्यापेक्षा स्वच्छ काम होतं. राग त्याचाही होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. मी उत्तर दिलं नाही. त्यांची दोन स्मरणपत्रं आली, त्यांनाही नाही.

मग ते दारात आले. दुपारची वेळ होती. खिडकीतून त्यांना फाटक उघडताना पाहिलं आणि मी बायकोला म्हणालो, “बाहेर गेलेत म्हणून सांग.”

“अहो, रहिमतपुरातनं आलाय माणूस.”

“सांग म्हणतो ना.”

का? हेच तर मला हवं होतं. पण रुसून बसलेला व्याही काही पहिल्या बोलावण्याला उठत नाही, त्याला दुसरं लागतं. मी आतल्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो. बाहेर बायकोनं चहा दिला. सुभेदारांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

“वैनी, सरांना म्हनावं काय चुकलं असंल तर चार शिव्या द्या. पन तेवढं बघा. तीनच दिवस हायती.”

तीन दिवस मी त्यांच्या फोनची वाट पाहिली. एक फोन आला असता तर मोठ्या मनानं सही करणार होतो, काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. फोन आला नाही. तारीख उलटली.

काही महिन्यांनी रक्तपेढीत वीज गेली आणि आली. त्याच आठवड्यात एका बाळंतिणीला दुर्मीळ गटाचं रक्त लागलं. यादीत शोधलं तर एकही नाव निघेना. खरं तर त्या गटाचा एक दाता चार गल्ल्या सोडून राहत होता. शेवटी कराडहून गाडीनं रक्त आणलं. बाई वाचली. पण सुभेदारांना चारचौघांत ऐकवलं गेलं, “फुकटचं आणलंत, फुकटासारखंच चाललं.” त्यांना थांबवलं आणि यादी पुन्हा वहीत गेली.

हे सगळं मला फार नंतर कळलं. त्या वेळी दिसला तो लिस्टवर त्यांचा एकच प्रश्न, ‘पॅकेज का घेतले नाही?’ सगळे वाचत होते. मी ते वाक्य लिहिलं. माझं नाव जुनं होतं, कोणी तपासलं नाही. सुभेदारांनी उत्तर दिलं, ‘ठीक आहे सर.’ त्यानंतर लिस्टवर ते कधी दिसले नाहीत. पुढच्या खेपेला मी त्यांचंच पॅकेज जवळजवळ जसंच्या तसं आत सोडलं. काय बदललं, कोणी बदललं, याची जी नोंद पॅकेजबरोबर जाते, तिच्यात माझं नाव घातलं.

ते गेल्याचं यंदा कळलं. मी रेल्वेनं रहिमतपूरला गेलो आणि त्यांच्या पत्नीसमोर बसून सगळं सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

“तुमी घरात हुता त्ये ठावं हुतं त्यांस्नी,” त्या म्हणाल्या. “दारात तुमच्या चपला हुत्या म्हनं.”

“मग चिडले असतील.”

“न्हाई वो. म्हनाले, सरांची तब्येत बरी नसंल.” त्यांनी पदराचं टोक सोडलं. “पन अपुरं म्हनलासा, त्ये लय लागलं. फौजंत कुनी त्यांच्या कामाला अपुरं म्हनलं न्हवतं. त्यावर त्यो कॉम्पुटर काय उघाडला न्हाई.”

मी उठलो आणि त्यांना नमस्कार करून निघालो.

परत आल्यावर मी लिस्टवर सगळं लिहिलं. जुन्या नोंदी बदलता येत नाहीत, नवी ओळ मात्र घालता येते. ती घालून घेतली. त्या आवृत्तीचं पॅकेज सुभेदारांचं होतं, पूर्ण होतं, आणि मी खोटं लिहिलं होतं. आता काम बघणाऱ्या परदेशातल्या कोणा मुलीचं उत्तर आलं, नोंद घेतली, धन्यवाद. ती ओळ मी कागदावर उतरवून रहिमतपूरला नेली आणि त्यांच्या पत्नीला मराठीत वाचून दाखवली.

“ह्ये रक्तपेढीतली वाचत्याली का?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग तितं कोन सांगनार? त्यांची मान तर तितंच खाली गेली.”

तिथून मी घरी आलो नाही, साताऱ्याला गेलो. रक्तपेढीत सगळं नवं होतं. व्यवस्थापक बदललेले, टेबलाशी बसलेले गृहस्थ पस्तिशीचे. मी सुभेदारांचं नाव सांगितलं.

“कोन सुभेदार?”

मी यादीचं सांगू लागलो, वीज गेल्याचं, पॅकेजचं. उभ्या उभ्या सांगताना मागचं पुढे आणि पुढचं मागे होऊ लागलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्ची पुढे सरकवली, पाण्याचा पेला दिला आणि अगदी मायेनं विचारलं, “आजोबा, रक्त कुनासाठी पायजे?”

कोणासाठीच नको, मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.