मामाजींसाठी वाचलेल्या पाट्या

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत माझी बायको माहेरी गेली होती. तिचं माहेर सिंदेवाहीकडच्या एका लहान गावात. घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा, जोडीला थोडं धान. मी वरोऱ्याचा, कापूस-सोयाबीनच्या मुलखातला. बाजारात माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. धानाच्या बांधीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावताना तिच्या घोट्याला घोणस चावली. मला फोन आला तोवर तिला तालुक्याच्या दवाखान्यातून चंद्रपूरला हलवलं होतं. आमच्या मुलीला माझ्या आईजवळ ठेवून मी निघालो.

मी पोहोचलो तेव्हा ती शुद्धीवर होती. पाय मांडीपर्यंत सुजला होता. डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडलंय. पण हे विष किडनीवर जातं. लघवी कशी होते, रक्ताचे रिपोर्ट काय येतात, ते पाहू. आत्ता काही सांगता येत नाही."

बायकांच्या वॉर्डात एकाच बाईला थांबता येत होतं. तिथे सासूबाई थांबल्या. मी आणि माझे सासरे बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. त्यांना मी मामाजी म्हणतो. म्हणतो म्हणजे, म्हणायची वेळ फारशी आलीच नव्हती. आमचं लग्न त्यांना पसंत नव्हतं. मी दुसऱ्या जातीचा. ते लग्नाला आले, मागे उभं राहून अक्षता टाकल्या आणि जेवून गेले. पुढे मी सासुरवाडीला गेलो की माझ्यासाठी खाटेवर नवी सतरंजी टाकायचे, पहाटे तलावावर जाऊन चांगली मासोळी आणायचे. पण बोलायचे ते मुलीशी. "जावईबापूले अजून वाढ." "जावईबापूले विचार, मुक्काम आहे का." मी समोरच बसलेला असायचो. अपमान कधी केला नाही. फक्त माझ्याकडे पाहून एक वाक्य बोलले नाहीत.

असे आम्ही दोघं त्या बाकावर. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई बाहेर आल्या आणि कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहत राहिल्या.

"तुमी दोघंही इथी भिंतीकडे पाहून राह्यले," त्या म्हणाल्या. "तिले दारातून दिसते. तिले वाटते, काही लपवून राह्यले माह्यापासून. जा कुठी तरी. चार वाजेपर्यंत तसाबी कोणाले आत सोडत नाई."

आम्ही उठलो. समोरच्या चहाच्या टपरीशेजारी भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा रंगवलेला होता. वर लिहिलेलं, 'जुने चंद्रपूर पायी पाहा'. परकोटाची भिंत, चार दरवाजे, आणि आतल्या गल्ल्यांमध्ये लाल ठिपक्यांनी दाखवलेली छोटी छोटी संग्रहालयं. कोणी वाटाड्या नको. बाण पाहत जायचं. मी चंद्रपूरला शेकडो वेळा आलोय, पंपाचे सुटे भाग घ्यायला. पण गोल बाजाराच्या पुढे कधी गेलो नव्हतो.

मामाजी नकाशासमोर उभे राहिले. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळून म्हणाले, "काय लिवलं आहे? चष्मा घरीच राह्यला. धावपळीत."

मी वाचून दाखवलं.

"चला मंग," ते म्हणाले.

पठाणपुरा दरवाज्याकडे जाताना गर्दी मागे पडली. रस्त्यावर कोंबड्या, ओट्यावर डाळ निवडणाऱ्या बायका, आणि घरांच्या मागे काळा परकोट. दरवाज्यापाशी ते मान वर करून थांबले. दगडात वाघासारखा प्राणी हत्तीवर चढलेला कोरला होता. शेजारच्या पाटीवर गोंड राजांचं चिन्ह असं लिहिलं होतं, ते मी वाचलं.

"हत्ती एवढासा काऊन केला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, मामाजी."

"राजाले मोठं दाखवाचं असन," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

पहिलं संग्रहालय म्हणजे एका जुन्या इमारतीचं आवार होतं. शेतांत, विहिरी खणताना सापडलेल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या. नाक तुटलेली देवी, अर्धा नंदी, लढाईत पडलेल्या कुणा वीराचा दगड. प्रत्येकापाशी पाटी. मामाजी दगडासमोर उभे राहत, मी वाचत असे, ते "हं" म्हणत, मग पुढे. एका वेळी मी एक पाटी गाळली. तिच्यावर नुसतंच 'भग्न शिल्प' लिहिलेलं होतं. ते हलले नाहीत. "वाचा जी," म्हणाले. मी वाचलं, 'भग्न शिल्प'. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर मी एकही पाटी सोडली नाही.

दुसरं संग्रहालय एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्यांत होतं. आत अंधार. आमची चाहूल लागताच झाडू बाजूला ठेवून एक बाई आल्या आणि त्यांनी दिवे लावले, पंखा सुरू केला. सिरोंच्याकडे सापडलेली, दगड झालेली झाडं तिथे ठेवली होती. खोडाची साल, वर्षांच्या रेषा, सगळं जसंच्या तसं, पण दगड. मामाजींनी बाईंना विचारून हात लावून पाहिला.

बाईंनी माझ्या खिशातून डोकावणारा दवाखान्याचा पास पाहिला. "कोण आहे भरती?"

"माही पोरगी," मामाजी म्हणाले. "सापानं डसली."

"बसा," त्या म्हणाल्या. दोन खुर्च्या पंख्याखाली ओढल्या, माठातलं पाणी आणलं. "इथी जास्त दवाखान्यातलेच लोकं येतात, भाऊ. बाहेर बसून बसून जीव घाबरते ना. कालच एक म्हातारी येऊन गेली, नातवाच्या ऑपरेशनची. तीनदा सगळे दगड पाह्यले तिनं."

त्यांनी आम्हाला कुठे जायचं ते विचारलं, आणि तिसऱ्या ठिकाणचा बाण पुसला गेलाय म्हणून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोबत आल्या. त्या पाण्याची आणि त्या चार पावलांची आठवण माझ्या मनात अजून आहे. त्यांचं नाव मी विचारलं नाही.

तिसरं संग्रहालय जंगलाविषयीचं होतं. सागवान, ऐन, बीजा, मोह यांच्या लाकडाचे तुकडे, पक्ष्यांची घरटी, पायांचे ठसे. मामाजी इथे रमले. एका घरट्यापाशी हसलेसुद्धा. त्याच खोलीच्या टोकाला कपाट होतं, हे मला उशिरा दिसलं. काचेच्या बरण्यांत साप. मला मामाजींना दुसरीकडे वळवायचं होतं, पण ते आधीच तिथे पोहोचले होते. तिसऱ्या बरणीत घोणस होती. वेटोळं घातलेली, अंगावर तपकिरी साखळी.

"वाचा जी," ते म्हणाले.

मी सुरुवात केली. शेतात व गवतात आढळते. उंदीर खाते. डिवचल्यास कुकरच्या शिट्टीसारखा आवाज करते. पुढच्या ओळीत विषाबद्दल लिहिलेलं होतं. मी ती ओळ दोनदा सुरू केली आणि दोन्ही वेळा तिथेच थांबलो. ओळ डोळ्यांसमोर होती, पण शब्द दिसेनासे झाले.

माझ्या पाठीवर हात आला. रुंद, जाळं ओढून खरखरीत झालेला हात.

"राहू द्या," मामाजी म्हणाले. "चला, बाहेर बसू."

बाहेर पायऱ्या होत्या आणि एक चिंचेचं झाड. आम्ही बसलो. मग जमिनीकडे पाहत त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"डसल्यावर मी तिले पाठीवर घेतलं. बांधीतून रस्त्यापर्यंत. तिथी लोकं जमले. समदे म्हणत होते, आधी मंतर टाकून झाडून घ्या, बाजूच्या गावात जाणता आहे. माह्या मनातबी तेच होतं. खोटं काऊन बोलू? आमच्या बापानंबी तेच केलं असतं. पण पोरगी पाठीवरून म्हणली, बाबा, दवाखान्यात न्या. सीधा दवाखान्यात."

त्यांनी पायरीवर पडलेली चिंचेची काडी उचलली.

"मी तिचं कधी ऐकलो नाई, जावईबापू. तुमच्या लग्नाच्या वक्ती तं नाईच ऐकलो. या वक्ती म्हणलो, आता ऐकाचं. एका पोराची मोटरसायकल होती. तो बिचारा रोवणा सोडून आला. मागून मी तिले धरून बसलो."

माझ्या बायकोचा जीव त्या एका क्षणावर टांगलेला होता, आणि त्या क्षणी ती ज्याच्या पाठीवर होती त्याने तिचं ऐकलं. हे मला त्या पायरीवर कळलं. मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "असं नोका करू. जावयानं नसते करत." मग डोळे पुसायला गमछा शोधू लागले.

परत येताना आम्ही बोलत होतो. फार मोठं काही नाही. माझा पंपाचा धंदा कसा चालतो, त्यांच्या तलावात या साली मासोळीचं बीज सोडलं का, रोहू जास्त की कतला. एका हॉटेलात त्यांनी आलुबोंडे खाऊ घातले आणि मला पैसे देऊ दिले नाहीत.

चार वाजता वॉर्डाच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर येऊन गेले. किडनीचं काई नाई म्हणतात, रिपोर्ट चांगला आला. भूक लागली म्हणते. झिंगे मागून राह्यली." मामाजी दाराच्या चौकटीला धरून तिथेच उभे राहिले.

मी आत गेलो. बायकोने विचारलं, "बाबा आणि तुमी दिवसभर कुठी होते?"

"संग्रहालयं पाहत होतो."

"दोघं? सोबत?"

ती हसायला लागली, मग पाय दुखला म्हणून थांबली. तिच्या त्या हसण्याबद्दल मी कुणाकुणाचे आभार मानू? मोटरसायकलवाला, ज्याला मी पुढे गावी जाऊन भेटलो आणि जो लाजून नुसता हसला. रात्रपाळीच्या सिस्टर. माठातलं पाणी देणाऱ्या बाई. औषध ज्यांनी शोधलं ते, ज्यांना मी ओळखतही नाही.

पाय पूर्ववत व्हायला दिवाळी उलटली. घोट्यापाशी काळा डाग राहिलाय, थंडीत ठणकतो. पण ती चालते, मुलीला शाळेत सोडते, दुकानात माझ्याशी हिशेबावरून भांडते.

मामाजींचा फोन आता माझ्या मोबाइलवर येतो. तलावातली मासेमारी आटोपली की, दुपारी. आधी मला विचारतात, "जेवले का जी?" मग पाणी किती पडलं, धान कसं आहे, ते सांगतात. बायको हात पुढे करून बसलेली असते, आणि मी तिला खुणेने थांब म्हणतो.