दाजींचं गाऱ्हाणं

जामसंड्यात काहीही नवीन विकायला आलं की विकणाऱ्याला पत्ता विचारावा लागत नाही. तो थेट आमच्या खळ्यात येतो. डिशची छत्री आमच्याकडे पहिली, इन्व्हर्टर पहिला, पाणी शुद्ध करायचं मशीनही पहिलं. "दाजींनी घेतलं ना? मग बरंच असणार," म्हणत बाकीचे मागून घेत. या एका वाक्यावर माझा नवरा तीस वर्षं छाती काढून चालला. मेला काय तो मान!

गेल्या वर्षी कुडाळहून चंदन नावाचा विक्रेता आला, आंबापोळी सुकवायचं सोलर यंत्र घेऊन. आंब्याचा रस ताटात पसरून उन्हात ठेवणं, माश्या हाकणं, ढग आला की ताटं उचलून धावणं, सगळं वाचणार म्हणे. "दाजी, तुम्ही हो म्हटलंत की मला दुसरी जाहिरातच नको," तो म्हणाला. झालं! पहिली पोळी बाहेर यायच्या आधीच हे त्याच्या मोबाइलसमोर उभे राहून बोलून गेले, "एकदम बेस आसा!"

पोळी निघाली वरून कडक, आत ओली. पंधरा दिवसांत काळी पडून बुरसली. मी ती चोरासारखी माडाच्या मुळात पुरली. तोवर व्हिडिओ गावोगाव फिरला होता आणि फोनवर फोन येत होते, दाजी, यंत्र कसं आहे?

"बरा आसा, बरा आसा."

"अवो, खरा सांगा," मी ओरडायची.

"आता कसा सांगू गो? तीस वर्षांत माका कोणी फसवूक नाय!"

पुढे पुढे तर फोन वाजला की हे न्हाणीघरात जाऊन कडी लावत. मला राग यायचा आणि कीवही यायची.

आंबापोळी आम्हीही विकतो, पण शेजारच्या मथुरेचा नवरा गेल्यापासून तिचं घर आंब्याच्या चार कलमांवर नि आंबापोळीवरच चालतं. यंदा चैत्रात ती म्हणाली, "औंदा सगळो रस यंत्रात!" तेव्हा मात्र हे रात्री भरल्या ताटावरून उठले. तिचं वर्ष बुडणार हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

त्यात चंदनने यंत्रासाठी नावं नोंदवायचा कार्यक्रम आमच्याच खळ्यात ठेवला. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि आमच्या वाडीत ते दाजींनीच घालायचं. हे नारळ घेऊन उभे राहिले. देवासमोर त्यांना खोटं बोलवेना.

"बा देवा महाराजा, ह्या यंत्र माज्याकडे वरीसभर आसा!"

"व्हय महाराजा!" सगळे एका सुरात. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला तसं म्हणायचंच असतं.

"तेतूर पोळी सुकणा नाय, कुजता!"

"व्हय महाराजा!"

"मी लोकांशी खोटा बोललंय!"

"व्हय महाराजा!" मथुरेचा आवाज सगळ्यांत मोठा. चंदनने घाईघाईने नारळ काढून घेतला आणि फोडला.

मी मथुरेचा हात धरला. "ऐकलंस मा गो? घेव नको."

ती हसली. "तुमी दोघांय भारी हुशार! सगळ्यांनी यंत्रा घेतली तर तुमच्या पोळयेक गिऱ्हाईक खंयचा मिळतला?" आणि तिने यादीत पहिलं नाव घातलं. ह्यांनी पायरीवर बसून दोन्ही हातांनी डोकं धरलं.

मे संपता संपता कुंपणापलीकडून तो आंबूस वास आला. मी लगेच ओळखला. दुसऱ्या दिवशी नांदगावची सीता मथुरेच्या खळ्यात आली. तिचाही धंदा आंबापोळीचाच.

"मथुरे, यंत्र कसा आसा गो? मी घेव?"

आम्ही दोघं कुंपणाशीच होतो. "सांग गो, तू तरी सांग," हे पुटपुटत होते.

मथुरेने आमच्याकडे पाहिलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. मग तिने पदर सावरला आणि सीतेकडे वळून म्हणाली, "बरा आसा. घे."