न काढलेला दुखवटा

"मेंदूत गाठ नाही," नगरचे डॉक्टर एमआरआयची फिल्म खाली ठेवत म्हणाले. "दिवसभरात कोणाकोणाशी बोलता?"

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. शेवगाव डेपोत माझ्या बडबडीला सगळे वैतागलेले असत. पण त्या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे एकही नाव नव्हतं.

त्याआधी दोनदा गॅस चालू राहिला. एकदा बाजारातून घरी येताना गल्ली चुकलो. झोप नाही, बीपी एकशे ऐंशीच्या खाली येईना. पुण्याचा मुलगा फोनवर गोळी घेतली का विचारायचा, की संपलं.

डॉक्टरांनी कॉर्टिसॉल समजावलं. धोका दिसला की शरीर हे रसायन सोडतं. माणूस फार दिवस एकटा पडला की मेंदू त्या एकटेपणालाही धोका समजतो. मग झोप उडते, बीपी आणि साखर चढते, आठवणी सांभाळणाऱ्या भागावर ताण येतो. "असंच चाललं तर विसरणं वाढेल, पॅरालिसिसही होऊ शकतो. माणसांत जा."

माणसं काय मेडिकलात मिळतात?

बायको, सुमन, जाऊन दीड वर्ष झालं होतं. आमच्याकडे दुखवटा आधी सोयऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या माहेरच्यांनी, घरी येऊन काढायचा, मग गल्लीनं चहाला बोलवायचं. तोवर दुखवट्यातल्या माणसानं कोणाची पायरी चढायची नाही. माझे मेहुणे, तिला दवाखान्यात उशिरा नेलं म्हणून रुसलेले. ते आलेच नाहीत. समोर राहणारा भानुदास, वीस वर्षं माझ्याच गाडीचा ड्रायव्हर, मला बघून मान खाली घालायचा. मी म्हटलं, गरज सरो, वैद्य मरो.

नगरहून आलो तो थेट त्याच्या दारात गेलो. का बोलावलं नाहीस, विचारलं.

"सोयऱ्यांच्या आधी आमी कसं बोलवावं? तुलाच काय वंगाळ व्हाया नको म्हनून थांबलो हुतो."

"त्ये येनार न्हाईत, भान्या. तवर मी मेलो असतो."

तो रडला. चहा केला. मी प्यालो, पण राग गेला नाही.

तीन महिन्यांत बीपी उतरलं, ते गोळ्यांनी आणि त्याच्या ओट्यावर बसून. झोप लागते. गल्ली चुकत नाही. डॉक्टरांचे उपकार मानतो. भानुदासला मात्र रोज टोचून बोलतो, आणि तो बिचारा ऐकून घेतो.

तुमच्या गल्लीत असं घर असेल तर रीत बघत बसू नका, आजच जा. आणि ते घर तुमचंच असेल, तर बोलावण्याची वाट बघू नका. भानुदासचं दार माझ्यापासून वीस पावलांवर होतं. ती वीस पावलं मला दीड वर्ष टाकता आली नाहीत, याचाच राग मी त्या गरिबावर काढतो.