शकीलाखालाचे बैल

डोणगावात शकीलाखाला लाकडी बैल करायची आणि तयार झालेला प्रत्येक बैल गच्चीवरून खाली फेकायची. तो आपटला की तिकडे मेहकरात लोक फळीवरची भांडी धरून ठेवत. मी शेजारी, त्यामुळे बैल पडायचे ते माझ्याच अंगणात. एकदा विचारलं, खाला, एवढी मेहनत करून फेकता काऊन? म्हणाली, "मी एकदाच फेकते, बापू. पोरगं रोज फेकते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं चाकांचे बैल ओढत मिरवतात. त्या वर्षी सणाच्या बऱ्याच आधी खेळणी तपासणाऱ्या सरकारी खात्याचे साहेब आले आणि नियम सांगून गेले. वस्तू मुलांच्या खेळासाठी केली असेल, तर ती तपासून घ्यायची आणि तिच्यावर प्रमाणचिन्ह हवं. देव्हाऱ्यातल्या वस्तूला ते नको. साहेबांची जीप वळली नाही तोच समोरच्या गजाननभाऊंनी दुकानातल्या साऱ्या बैलांची चाकं उपटली आणि पाटी लावली: फक्त पूजेसाठी. खालानंही तेच करावं म्हणून अर्धा बाजार तिच्या ओट्यावर चढला.

"चाकं काढली म्हणून का बैल आजोबा ओढन?" खाला म्हणाली. "पोरासाठी केला, पोरासाठीच इकीन."

तिनं रंग बदलला, पोराच्या तोंडात गेला तरी बाधणार नाही असा घेतला. शिंगं बोथट केली, वेगळी ठोकायची सोडून डोक्यासकट एकाच लाकडात कोरली. नमुन्याचे बैल तपासणीला गेले आणि तिकडेच रमले. वर्षाची चूल या एका सणावर पेटायची, तरी चिन्हाशिवाय एकही बैल विकणार नाही म्हणून ती अडून बसली. घरात इतके बैल साठले, की ती उभ्याउभ्या झोपायची. गजाननभाऊ रोज ओट्यावरून विचारत, "खाला, तुमचे बैल दहावीले बसले काय?"

पोळ्याच्या सकाळी मंजुरी आली. चिन्हं लागली, आणि दिवस मावळेपर्यंत एकच बैल उरला.

दुसऱ्या दिवशी खालाचे बैल असे धावले, की गोठ्यातल्या खऱ्या बैलांनी मान खाली घातली. भाऊंचे पूजेचे बैलही पोरांनी दोरी बांधून आणलेच होते. ते रस्ता नांगरत, फरफटत येत होते. तेवढ्यात भाऊंच्याच नातवाच्या बैलाचं शिंग निखळलं आणि पोरानं ते तोंडात घातलं. भाऊंनी घशात बोट घालून शिंग बाहेर काढलं, तेव्हा कुठे पोराचा आवाज फुटला.

भाऊ नातवाला कडेवर घेऊन खालाच्या ओट्याशी आले. खालानं तो उरलेला बैल पोराच्या हातात दिला.

"घेऊन जाय, गजानन. देव शिंग चावत नाही, पोरगं चावते."

पोरानं तिथल्या तिथं शिंग तोंडात धरून करकरून चावलं. शिंग तसूभर हललं नाही. मग डफडं असं कडाडलं, की खाला ओढणी खोचून मिरवणुकीच्या पुढे निघाली, आणि अख्खं डोणगाव, गजाननभाऊंसकट, तिच्या मागे.